गुरूवरचं वारं

गुरू ग्रहावरचे ढग बघायला गेल्या हिवाळ्यात मी पलूसहून दुर्बीण घेऊन जतच्या माळावर जायचो. तिथल्या पवनचक्कीचा राखणदार दिवेलागणीला माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. एक हात कायम कानटोपीवर, आणि बोलता बोलता मधेच थांबून, मान वर करून तो पात्यांचा आवाज ऐकायचा. मागं एका वादळात पातं तुटून त्याच्या केबिनीशेजारी पडलं होतं.

एका संध्याकाळी मी त्याला दुर्बिणीतून गुरू दाखवला. ढगांचे पट्टे आणि त्यातला फिकट विटकरी ठिपका. म्हटलं, "मामा, तो ठिपका म्हणजे वादळ आहे. आपली अख्खी पृथ्वी त्यात मावेल."

"कवापासनं हाय?"

"माझ्या खापरपणजोबांच्या आधीपासून."

"मग खालची माणसं काय करत्यात?"

"माणसं नाहीत. खाली जमीनच नाही."

डोळा न काढता त्यानं कानटोपी आणखी खाली ओढली. मग हळू आवाजात म्हणाला, "लय वारं सुटलं की आमी चक्की बंद करतो, सर. त्ये कोण बंद करतंय?"

मला हसू येणार होतं. पण त्याचा हात तिपाईवर होता आणि सगळी दुर्बीण थरथरत होती.

"झाका त्ये," तो म्हणाला.

मी टोपण लावलं, आणि त्या संध्याकाळी पुन्हा काढलं नाही. वर पाती घुमत होती. पहिल्यांदाच मीही मान वर करून त्यांचा आवाज ऐकत राहिलो.