रुवैसला गेलो चौघं, परतलो पाच जण

रुवैस हे काही फिरायला जायचं ठिकाण नाही. तिथे रिफायनरी आहे, रिफायनरीच्या लोकांची वसाहत आहे आणि वसाहतीमागे समुद्र आहे, ज्याच्याकडे बघायला कुणाला फारसा वेळ नसतो. दुबईहून तिथे माणसं ड्यूटीवर जातात, नाहीतर सौदीच्या हद्दीकडे जाताना बाजूने निघून जातात. आम्ही गेलो ते एका वारलेल्या माणसाला घरी आणायला. साल दोन हजार तीनच्या आसपासचं, हिवाळा होता, हवा छान होती.

नोम्सा माझ्याबरोबर दुबईत, करामातल्या एका क्लिनिकमध्ये होती. मी लॅबमध्ये, ती नर्स. दक्षिण आफ्रिकेची, झुलू. ती सांगोमाही आहे, हे तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं, आपण आपला रक्तगट सांगतो त्या सुरात. सांगोमा म्हणजे ज्याला पूर्वज स्वतः बोलावणं धाडतात, आणि मग गुरूकडे राहून जो लोकांना बरं करायला शिकतो असा माणूस. मी विचारलं, तू नर्स असून यावर विश्वास ठेवतेस? ती म्हणाली, "मला पुरावा लागतो. माझ्या गुरूबाईंना लागत नाही. दोघींचं बरं चाललंय."

गावाकडे आईच्या टेकडीवर तिला एक केंद्र उभं करायचं होतं. आजारी माणसांनी येऊन राहावं, ज्यांना नव्यानं बोलावणं आलंय त्यांनी तिथेच गुरूबाईंकडे शिकावं. आखाती पगाराचा बराचसा भाग त्या टेकडीवर जात होता. नकाशा माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं काढला. तो अल कुसैसच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होता आणि गोदामं सोडून दुसरं काही काढायला मिळालं की खूश असायचा. पहिल्या नकाशात त्यानं रिसेप्शन आणि वीस गाड्यांचं पार्किंग दाखवलं. नोम्सानं दोन्ही काढायला लावलं. गोल झोपड्या, मधे गुरांचा गोठा, दारं गोठ्याकडे. मुख्य झोपडीत दाराच्या समोरची मागची बाजू रिकामी ठेवायची. तिथे काय येणार, असं शिरीषनं विचारलं. "तिथे आमचे पूर्वज असतात," नोम्सा म्हणाली. शिरीषनं तिथे 'देवघर' लिहिलं आणि पुढच्या झोपडीकडे वळला.

मुख्य झोपडी बांधून झाली. गुरूबाई पाहायला आल्या, आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या की हे उघडता येणार नाही. ज्या घरचा स्वतःचा मुलगा परक्या रस्त्यावर उभा आहे, त्या घरी दुसऱ्याला कसलं बरं करणार?

मुलगा म्हणजे सिफो, नोम्साचा धाकटा भाऊ. तोही इकडेच होता, रुवैसला परांची बांधायच्या कामावर. दोन वर्षांपूर्वी साइटवरून परतताना त्यांच्या पिकअपचा टायर फुटला आणि तो रस्त्यावरच गेला. शव विमानानं घरी गेलं होतं, दफनही झालं होतं. पण झुलू लोकांत परगावी वारलेल्या माणसाला, जिथे प्राण गेला तिथे जाऊन, हाक मारून आणावं लागतं. नाहीतर तो तिथेच राहतो. सिफोला आणायला कुणी गेलंच नव्हतं. आईच्या स्वप्नात तो हेल्मेट घालून फाटकाबाहेर उभा दिसायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, रस्ता माहीत नाही.

आणायचं कसं, तर एका काटेरी झाडाच्या फांदीवर. नोम्सानं त्या झाडाचं चित्र काढून दाखवलं: जोडीजोडीनं काटे, एक सरळ, एक मागे वळलेला. सरळ काटा पुढे जा म्हणतो, वळलेला म्हणतो आलास कुठून ते विसरू नकोस. मी चित्र पाहिलं आणि म्हटलं, ही तर बोर. नेमकं तेच झाड नव्हे, पण चुलत भावंड नक्की. शिरीषच्या ऑफिसमागे एका जुन्या व्हिलाच्या अंगणात तसलं झाड होतं. इकडे त्याला सिद्र म्हणतात. नोम्सानं गावी फोन करून गुरूबाईंना विचारलं, हे झाड चालेल का. गुरूबाई म्हणाल्या, सिफोला विचार.

शिरीष मात्र अस्वस्थ होता. या देशात जादूटोण्याला कायद्यानं शिक्षा आहे, आणि नोकरदार माणूस इथे व्हिसाइतका कशालाच भीत नाही. व्हिलाची मालकीण एक म्हातारी अरब बाई होती. तिला मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे असं सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. बाई दारात आली, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत नोम्सानं खरं ते सांगून टाकलं. भाऊ इथे वारला, त्याला घरी न्यायचंय, त्यासाठी फांदी हवी. शिरीष जमिनीकडे बघत राहिला. बाई तोडक्या हिंदीत म्हणाली की आम्हीही मयताला शेवटची आंघोळ याच पाल्याच्या पाण्यानं घालतो. तिनं माळ्याला हाक मारली आणि नोम्साला विचारलं, त्याचं घर लांब आहे का. लांब आहे, नोम्सा म्हणाली.

"मग मोठी घे."

गुरुवारी दुपारी निघालो. शिरीष, मी, आठ वर्षांची आमची इरा आणि नोम्सा. निसान सनी, मागे पाण्याची पेटी, मेथीचे ठेपले, चटणी आणि पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली बोरीची फांदी. अबू धाबीचा फाटा मागे टाकला की रस्ता सरळ होतो आणि सरळच राहतो. तेव्हा तिकडे पेट्रोल पंप लांब लांब होते. मफ्रकला टाकी भरून घ्यावी, पुढे भरू म्हणू नये. उजवीकडे मिठागरासारखी पांढरट सपाट जमीन, डावीकडे वाळू, मधे ट्रक. ज्यांना निसर्गसौंदर्य हवंय त्यांनी फुजैराहला जावं. इरानं तासाभरानं विचारलं, "ममा, इज देअर एनीथिंग टु सी?" मी नाही म्हटलं. ती झोपली.

रुवैसला शिरीषचा कॉलेजातला मित्र बापट राहायचा. त्याच्याकडे मुक्काम केला. आम्ही कशासाठी आलोय ते शिरीषनं त्याला जेवताना सांगितलं. बापटानं वरणात तूप घेतलं आणि म्हणाला, माझ्या वडलांच्या दिवसांना मला रजा मिळाली नव्हती. एवढंच. मग तो विषय कुणी काढला नाही, पण सकाळी त्यानं आम्हाला उठवून चहा दिला आणि आम्ही न विचारता नोम्साला कोरी पांढरी चादर काढून दिली, आधीची काट्यांनी फाटली होती म्हणून.

जागा दाखवायला थॉमस आला, स्वतःच्या पिकअपनं. केरळचा, सिफोबरोबर परांचीवर असायचा, त्या दिवशी गाडीत शेजारी बसलेला. चालताना एक पाय ओढत होता. तरीफच्या दिशेनं बरंच मागे येऊन त्यानं गाडी कडेला घेतली. तिथे काहीही नव्हतं. ना खांब, ना खूण. मी विचारलं, नक्की इथेच? तो हिंदीत म्हणाला, मॅडम, दर आठवड्याला इथून जातो, दर वेळी बघतो.

निघण्याआधी नोम्सानं आम्हाला नियम सांगून ठेवले होते. फांदी उचलली की ती घरी पोचेपर्यंत फक्त सिफोशी बोलणार, दुसऱ्या कुणाशी नाही. आणि सिफोला गाडीत जागा लागेल.

तिनं चादर अंथरली, गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या आणि बोलायला लागली. आधी पूर्वजांची नावं, एकामागून एक, मोठ्यानं, कारण ट्रक जात होते. मग सिफोचं नाव. मी पाहुण्यासारखी हात बांधून उभी होते. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलंही नाही, पण ती त्याला ज्या आवाजात हाक मारत होती तो आवाज सांगोमाचाही नव्हता आणि नर्सचाही नव्हता. खेळायला गेलेल्या धाकट्या भावाला जेवायला बोलावतात तसा होता. थॉमस जवळ गेला आणि वाळूकडे बघत म्हणाला, "जा भाई. दीदी आई है."

तेवढ्यात मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली.

एक तरुण पोलीस उतरला. त्यानं आमची सनी पाहिली, थॉमसची पिकअप पाहिली, हायवेच्या कडेला चादरीवर बसून फांदीशी बोलणारी बाई पाहिली. नोम्सानं वर बघितलं नाही. तिनं तेव्हाच फांदी उचलली होती. तिनं पोलिसाला उत्तर दिलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि कदाचित कधीच नाही. पोलिसानं उर्दूत विचारलं, गाडी खराब झाली का. शिरीषला अरबी येते ती सिमेंट-सळयांपुरती. तो पुढे झाला. माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत इतका ताठ उभा राहिलेला पाहिलेला नाही. तो म्हणाला, "गाडी ठीक है. इसका भाई इधर मर गया था. उसको लेने आयी है."

मी मनात सामान बांधायला घेतलं. करामातला फ्लॅट, इराची शाळा, फ्रिजचं काय करायचं.

पोलिसानं फांदीकडे बोट दाखवलं. शिरीष म्हणाला, सिद्र. पोलिसानं नोम्साकडे पाहिलं. मग "अल्ला यरहमा", देव त्याच्यावर दया करो, असं म्हणाला, आपल्या गाडीत जाऊन बसला, गाडी आमच्या मागे तिरपी लावली आणि वरचे दिवे चालू केले. ट्रक पलीकडच्या लेनमधून जायला लागले. नोम्साचं आटोपेपर्यंत तो तिथेच होता. निघताना शिरीषला म्हणाला, यल्ला, सावकाश जा.

गाडीत मागे खिडकीशी नोम्सा, मधे फांदी, पलीकडे इरा. इरानं काही न सांगता दप्तर मांडीवर घेतलं आणि दाराला चिकटून बसली. "इज ही कम्फर्टेबल?" तिनं मला विचारलं. असेल, मी म्हटलं. शिरीषनं आरशात पाहिलं आणि मधला पट्टा लावायला सांगितला.

तरीफला चहाला थांबलो. कॅफेटेरियातला चहा कपाला एक दिर्हम, म्हणजे तेव्हाचे साडेबारा रुपये. दूध डब्यातलं, वेलची मुबलक. शिरीषनं चार चहा आणि इराला मँगो ज्यूस सांगितला. चौथा कुणाला, असं पोऱ्यानं विचारलं नाही. नोम्सा तो कप फांदीजवळ धरून बसली आणि निवला तेव्हा बाहेर वाळूत ओतून आली. मग पुन्हा रस्ता. ती त्याला सारखं सांगत होती. झुलू मला येत नाही, पण मधूनमधून ओळखीचे शब्द ऐकू यायचे: मफ्रक. शहामा. घंतूत. जबल अली. रस्ता माहीत नाही म्हणाला होता, म्हणून ती त्याला रस्ता सांगत होती.

नोम्साचं गावी जायचं विमान संध्याकाळचं होतं. काटेरी फांदी केबिनमध्ये न्यायची कशी, याचा विचार शिरीषनं करून ठेवला होता. नकाशे ठेवायची त्याची लांब नळी होती. केंद्राचा शेवटचा नकाशा फांदीभोवती गुंडाळून त्यानं तो नळीत सरकवला. काउंटरवरच्या मुलीनं नोम्साला विचारलं, यात काय आहे. नोम्सा गप्प. शिरीष म्हणाला, ड्रॉइंग आहे, घराचं. मुलीनं टॅग लावला. आत जाताना नोम्सानं मागे वळून पाहिलं नाही, हात केला नाही. आम्हाला नियम माहीत होते, तरी इराला वाईट वाटलं.

करामाला परतलो, वाळूनं भरलेले बूट गॅलरीत झटकले, उरलेले ठेपले खाल्ले.

लोक मला विचारतात, तुला हे खरं वाटतं का. मी लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई आहे. बोरीच्या फांदीत काय होतं ते मला तपासता आलं नसतं, आणि तपासायचा विचारही मनात आला नाही. त्या रस्त्यावरून पुढे अनेकदा गेले. आता तो रुंद झालाय, पंपही पुष्कळ आहेत. पण तिथे काही नाही असं मी आता कुणाला सांगत नाही.

महिनाभरानं नोम्साचा फोन आला. बोकड कापला होता, सिफोला मुख्य झोपडीत नेऊन मागच्या बाजूला ठेवलं होतं. गुरूबाई पुन्हा आल्या, आत बसल्या, आणि बाहेर येऊन जेवायला काय आहे म्हणाल्या. केंद्र सुरू झालं. शिकायला तीन मुली आल्या होत्या, आणखी एक डर्बनहून निघाली होती. शिरीषच्या नकाशात पावसाचं पाणी नेमकं गोठ्यात जात होतं, तेवढं त्यांनी बदललं. आईला स्वप्न पडायचं थांबलं होतं.

मग ती म्हणाली, थांब, मी आत आलेय, मोबाइल त्याच्याजवळ धरते. वाटभर तुमचे आवाज ऐकलेत त्यानं. दोन शब्द बोल.

मी म्हटलं, अगं, मी काय बोलणार? पण तोवर पलीकडे शांत झालं होतं. तिच्या फोनकार्डावरची मिनिटं जात होती. आपल्याकडून कुणी प्रवासाला गेलं की जे विचारायचं, तेच माझ्या तोंडून निघालं, तेही मराठीत.

"पोचलात ना नीट?"

शिरीष स्वयंपाकघरातून म्हणाला, कुणाचा फोन आहे. सिफोचा, मी म्हटलं.

"काय म्हणतोय?"

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून थोडं ऐकलं.

"पोचलाय."