शंभर घरांचं घड्याळ

शिलाई कारखान्यातल्या बायका त्याला सेकंदमास्तर म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. गळ्यात स्टॉपवॉच, हातात फळीला लावलेला कागद, अशा थाटात तो कोणाच्याही पाठीशी येऊन उभा राहायचा आणि एका कामाला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्याच्या आकड्यावर प्रत्येकीचा दिवसाचा कोटा ठरे. त्याच्या स्टॉपवॉचवर साठ नाही, शंभर घरं होती. कारखान्याचा हिशेब मिनिटाच्या शंभराव्या भागात चाले, म्हणजे तीस सेकंद ही तिथे पन्नास घरं. बारा वर्षांत त्याला त्याची इतकी सवय झाली होती की काटा जिथे थांबेल तो आकडा तो डोळे झाकून कागदावर उतरवी.

घरी तो आणि त्याची विधवा ताई, दोघंच. नऊ वर्षांनी मोठ्या ताईनेच त्याला वाढवलं, भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघायला शिकवलं, आणि पुढे ती त्याच कारखान्यात कामाला लागली. पापणी लवायला साधारण तीनशे मिलिसेकंद लागतात, असं त्याने एकदा जेवताना तिला सांगितलं. मग आठ तासांत माझा किती वेळ पापण्यांत जातो तेही काढ, असं ती म्हणाली. या बहाद्दराने ताट बाजूला सारून खरंच काढलं: छत्तीस मिनिटं. ताईला हसता हसता ठसका लागला.

नव्या शर्टाचं काम आलं तेव्हा शिवलेली कॉलर उलटून लाकडी काडीने तिची टोकं काढायचं काम ताईकडे होतं. ते मोजायला सेकंदमास्तरने मुद्दाम ताईलाच निवडलं. आपल्याच माणसाला मोजलं की कोणी बोट दाखवणार नाही, हा त्याचा हिशेब. आकडा निघाला दिवसाला हजार कॉलरींचा. ताई म्हणाली, मी इतकी चपळ नाही रे. त्यावर तो म्हणाला, घड्याळ खोटं बोलत नाही.

पोरीबाळींनी पाणी प्यायला उठणं सोडलं, तेव्हा त्यातल्या अकराजणी कशाबशा हजाराला पोचल्या. ताई साडेसहाशेच्या वर जाईना. सलग तीन महिने नऊशेच्या खाली राहिलं की घरी बसायचं, असा नियम होता. पहिला महिना गेला, दुसरा गेला, आणि बोटं आखडून तिचा आकडा उलट घसरत चालला. ताई संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसे आणि म्हणे, म्हातारी झाले मी. आणि हा शहाणा बाजूला बसून तिला सांगे, मनगट कमी हलव, बोटं जास्त.

तिसरा महिना संपायला चार दिवस होते. टेबलाच्या खणात काहीतरी शोधताना त्याच्या हाताला एक पावती लागली, त्याचं स्टॉपवॉच दुरुस्तीला दिल्याची. तारीख त्याने दोनदा वाचली. ताईला मोजलं तो तोच दिवस होता. त्या दिवशी त्याने खणातलं जुनं, साठ घरांचं घड्याळ नेलं होतं. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. याने सवयीने लिहिलं शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस मिनिट, आणि ते होतात एकोणतीस सेकंदांहूनही जरा कमी. खरा कोटा सहाशेचा होता. ताई तर सुरुवातीला सहाशेच्याही पुढे होती.

तो तसाच मॅनेजरकडे गेला. मॅनेजर भला माणूस, त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, गुणाकार स्वतः करून पाहिला आणि चूक मान्यही केली. मग म्हणाला, "पण अकराजणी करतायत ना हजार? मग आता हा आकडा चुकीचा कसा?"

ताईपुरतं तरी बघा, असं तो म्हणाला. भावाने मोजलं आणि भावानेच सोडवलं असं लोक म्हणतील, असं उत्तर आलं. हा हिशेब त्याचाच होता. तो मान खाली घालून बाहेर आला.

घरी येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आपल्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे बरोबर होते." चार दिवसांनी तिला घरी बसवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, तिने पिशवीतून एक बाद झालेली कॉलर काढली, लाकडी काडी घेतली आणि जुनं घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं. "मोज," म्हणाली.

त्याने कळ दाबली. तिने कॉलर उलटली, काडी टोकात घातली. तीन महिन्यांच्या घाईने बोटांचं वळणच गेलं होतं. काडी दोनदा निसटली, कापड पुन्हा धरावं लागलं. काटा साठ ओलांडून पुन्हा वरून निघाला. दुसरं टोक निघालं तेव्हा एक मिनिट अकरा सेकंद झाले होते.

"किती?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीस," तो तिच्या हातांकडे बघत म्हणाला.

ताईने कॉलर मांडीवर ठेवली आणि हाताने तिची सुरकुती मोडली.

"खोटंच बोलायचं तर घड्याळाकडे बघून तरी बोल रे," ती म्हणाली.