बाण सायलेन्सरकडं

शाळेच्या फोनवर वहिनी होती. "वन्सं, हे गेलं वो..." एवढंच बोलली. महिना होत आला, पण माझं रडणं कमी आणि राग जास्त आहे. त्या दिवशी दादाच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. "गॅस झालाय," म्हणाला आणि डबा घेऊन उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर कामाला गेला. याच माणसानं नुसत्या शंकेपायी एकदा अख्ख्या घराचा जीव टांगणीला लावला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेसरीजवळच्या शाळेत मला शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती, आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. त्या दिवशी शाळा सुटायच्या आत हजर झाले नाही तर नेमणूक रद्द. आणि नेमका एसटीचा संप. घरात दादाची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती, पण आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आदल्या आठवड्यात तिच्यात ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलं आणि इंजिन जाम झालं. पिस्टन ओरखडला, त्याच्यावरच्या रिंगा तुटल्या. दादानं सिलिंडर स्वतः बोअर करून आतून रुंद केला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला, आणि दुपार व्हायच्या आत अंगणात इंजिन जोडून झालं. मी पदर खोचून, पिशवी घेऊन उभी. त्यानं किकवर पाय ठेवला... आणि थांबला.

"सुमे, बाण कुणीकडं हुता गं?"

पिस्टनच्या माथ्यावर एक बाण कोरलेला असतो. तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. उलटा बसला तर रिंगेचं टोक धूर जायच्या भोकात अडकून तुटतं आणि केलेलं सगळं पाण्यात.

"मला काय म्हाईत? चल की आता!"

"आरं, पोरीची नोकरी जाईल!" आबा ओरडले. "उघडू नगंस!"

"वाटंत फुटलं तर जाणारच हाय की," म्हणत त्यानं पाना उचलला. एकेक नट निघत होता आणि मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, निघालं. बाण बरोबर होता! आबांनी कपाळावर हात मारून घेतला, मी रडायलाच लागले. दादा मात्र परत नट आवळायला बसला.

पुढचा रस्ता त्याहून वाईट. पिस्टन नवा, म्हणून गाडी पळवायची नाही. थोडं गेलं की झाडाखाली थांबायचं, इंजिन निवेपर्यंत. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. मी त्याच्या पाठीत बुक्क्या मारत होते, "पळीव की रं!" आणि तो, "न्हाय." वाटेतलं गडहिंग्लज आलं तेव्हा ऊन कललं होतं. शाळेत पोचलो तर मुलं दप्तरं घेऊन बाहेर पडत होती आणि हेडमास्तर कुलूप हातात घेऊन उभे होते. सही करून मी बाहेर आले, तर दादा पायरीवर बसला होता आणि "सही झाली न्हवं?" असं तीन-तीनदा विचारत राहिला... भीती त्यालाही होती, हे मला तेव्हा कळलं.

स्वतःच्या हातानं बसवलेल्या पिस्टनवर त्यानं विश्वास टाकला नाही, छातीवर मात्र टाकला. दादा, तिथं का नाही रे शंका आली तुला?

परवा घरी गेले. दादाची तीच गाडी दारात उभी होती. उभी राहून खराब होईल म्हणून मी किक मारली, चालू झाली. रोज दादाची गाडी वाजली की यायचा तसाच आतून वहिनीचा आवाज आला, "आधी हात धुवून घ्या, वाढते." मग ताट खाली ठेवल्याचा आवाज. गाडी बंद करायला माझा हात धजेना.