तबेल्याबाहेर न जाणारे बूट

हिराआत्याच्या तबेल्याशी आलेल्या माणसाला ती नाव विचारायची नाही, कामही विचारायची नाही. आधी त्याच्या पायांकडे बघायची आणि म्हणायची, "पायात काय हाय?" काहीही असलं तरी ते दाराबाहेरच्या दगडावर काढायचं आणि अनवाणी आत यायचं. मग तो जनावरांचा डॉक्टर असो, वरातीसाठी घोडी ठरवायला उल्हासनगरहून आलेला शेठ असो, नाहीतर माझ्यासारखा शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी असो. मी गेलो होतो माश्यांची तक्रार घेऊन. आमच्या इमारतीत माश्या फार झाल्या होत्या आणि सगळ्या कमिटीचं बोट आत्याच्या तबेल्याकडे होतं.

बदलापूरहून जांभूळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नव्या इमारतींच्या मधोमध तिची ती पत्र्याची शेड आणि पुढचं कुंपणाचं आवार होतं; दार होतं ते आवाराचं, त्याच्या आत सगळा तबेलाच. मी घरून चांगलं खडसावणारं भाषण तयार करून निघालो होतो. पण माणूस बूट-मोजे काढून ओल्या जमिनीवर उभा राहिला की त्याच्या तक्रारीत फारसा दम उरत नाही. मी "हे बघा बाई" इथपर्यंत आलो असेन, तोच तिने एक दोरी माझ्या हातात दिली. "धर जरा, शेक्रेटरी. उभाच हायस तं." दोरीच्या दुसऱ्या टोकाला मैना नावाची पांढरीशुभ्र घोडी होती. आत्या तिचे खूर साफ करत बसली आणि मी तिच्या तोंडाशी हुजऱ्यासारखा उभा. परत येऊन कमिटीला मी सांगितलं, की माश्या नाल्याच्या आहेत.

तिला सगळं गाव आत्या म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ती आगरी होती. 'घोडी'ला 'घोरी' आणि 'मला'ला 'मना' म्हणायची. तिच्या वडलांचा बदलापूर स्टेशनवर टांगा होता. रिक्षा आल्या आणि टांगा बसला, पण वडलांनी घोडा विकला नाही, त्याला वरातीला लावलं. पुढे घोडे वाढले, कमी झाले, वडील गेले, नवरा गेला. माझ्या वेळी मैना तेवढी उरली होती. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत नवरदेव तिच्यावर बसायचे आणि लग्नसराई नसेल तेव्हा साठी ओलांडलेली हिराआत्या स्वतः नऊवारीचा काचा मारून तिच्यावर मांड ठोकायची. बारवीच्या बाजूला शेताच्या बांधाबांधाने जाऊन यायची. "घोरी उभी ऱ्हायली का तिला रोग लागतं आन् बाय उभी ऱ्हायली का तिला सून लागते," असं म्हणून स्वतःच हसायची. सून अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि दोघींचं चांगलं जमायचं, पण म्हण काही आत्या सोडायची नाही.

अनवाणी राहण्याचा नियम वडलांचा. घोडं म्हणजे खंडोबाचं वाहन, तेव्हा तबेला म्हणजे देऊळ. देवळात कुणी चपला घालून जातं का? आत्या जन्मभर त्या शेणामुतात, पावसाळ्यातल्या घोटाभर चिखलात अनवाणी वावरली. पायाला चिखल्या झाल्या की हळद-तेल लावायची आणि पुन्हा चिखलात उतरायची.

एका पावसाळ्यात मात्र तेवढ्यावर भागलं नाही. करंगळीजवळची चिखली चिघळली. आत्याला साखरेचा आजार होता आणि पायाची जाण कमी झाली होती, त्यामुळे दुखलंही नाही. दवाखान्यात राहावं लागलं. तिचा मुलगा प्रकाश, ज्याचा रेती-सिमेंटचा धंदा होता, तो सगळं काम टाकून तिच्या उशाशी बसला. जखम भरायला थंडी उजाडली. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की पाय कोरडे पाहिजेत आणि गरमही पाहिजेत, गारठून चालणार नाही. पुढच्या पावसाळ्यात जखम पुन्हा उघडली तर बोट काढावं लागेल.

प्रकाशने त्याच दिवशी निकाल दिला. "आये, अनवानी तबेल्यात गेलीस आन् पाय पुन्हा बिघडला, तं मैना गेली. कर्जतच्या एका माणसाला सांगून ठेवलंय. पुढला पाऊस संपला का तो येनार, तवा मी तुजे पाय बघीन." प्रकाश वाईट नव्हता. तो घाबरला होता. संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "बोट गेलं तं जाऊ दे रं, नव अजून हायत. घोरी एकच हाय."

म्हणजे बूट घालणं आलं, आणि बूट घालणं म्हणजे नियम मोडणं आलं. पाचव्या दिवशी मला हाक आली. तबेल्याच्या भिंतीवर खंडोबाची जुनी, धुराने काळवंडलेली तसबीर होती. "शेक्रेटरी, चष्मा हाय ना? देवाच्या पायात काय हाय ते बघ." मी रुमालाने काच पुसली. घोड्यावर बसलेल्या देवाच्या पायात लाल मोजडी होती, टोकाशी वर वळलेली, खोगिराला लोंबणाऱ्या कडीत रोवलेली. तसं सांगितलं.

"नक्की?"

"नक्की आत्या. आणि ती रिकिबीत आहे."

आत्याने हात जोडले. मग बराच विचार करून तिने देवाशी परस्पर तडजोड केली: बूट घालायचे, पण ते तबेल्याचेच. रस्त्याची धूळ त्यांना लागू द्यायची नाही. दाराच्या आत ठेवायचे आणि आतच घालायचे. बाहेर जायचं तर घोडीवर बसून, म्हणजे बूट जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे एकच जोड हवा, शेण काढायलाही तोच आणि स्वारीलाही तोच. घोडीवर चढताना दारात उभं राहून जोड बदलायचा म्हणजे पाय मध्ये कुठेतरी टेकवणं आलं, आणि ते तिला मान्य नव्हतं.

पहिला जोड तिने माझं न ऐकता आणला. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. कामगारांना बूट वाटणं हे माझं रोजचं काम. पण आत्याच्या मते मला बुटांतलं कळायचं, घोड्यांतलं नाही. तिने काळे गमबूट आणले, तेही दोन मापं मोठे. पाय गरम राहायला आत दोन-दोन लोकरी मोजे घालायचे होते ना! त्यात चालताना ती अशी दिसायची, की मैनाही मान वळवून बघायची. शेण काढण्यापुरतं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वार झाली, आवारात फेरी मारली आणि उतरताना तिचा डावा पाय रिकिबीतून सुटेना. फुगलेला गमबूट बूच बसावं तसा अडकला. मी बाल्कनीतून बघतोय तर आत्या एका पायावर लंगडी घालतेय, दुसरा पाय घोडीच्या पोटाशी आणि तोंडाने "हो बाय, हो माझी मैना" चाललंय. मी जिने उतरून धावलो. मैना बिचारी पुतळ्यासारखी उभी होती. दुसरी एखादी घोडी उधळली असती तर आत्या फरफटत रस्त्यापर्यंत गेली असती. मी रिकीब मोकळी केली आणि आत्या धपकन गवताच्या गंजीवर बसली. तिथूनच मला म्हणाली, "धावत आलास त्ये बरोबर. पन चप्पल कुठं काढलीस?"

मी चप्पल काढली नव्हती. त्यानंतर मात्र बूट निवडायला ती मला बरोबर घेऊन गेली.

उल्हासनगरला हरेशभाई म्हणून एक सिंधी दुकानदार होते. शिकारीच्या बुटांपासून फिशरीच्या बुटांपर्यंत सगळं त्यांच्याकडे मिळायचं आणि मिळत नसेल ते मागच्या कारखान्यात बनवून मिळायचं. त्यांच्या लग्नात मैनेच्या आईवर बसून ते गेले होते, म्हणून आत्याला 'अदी' म्हणायचे. सिंधीत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. "अदी, ये देखो. एकदम वॉटरप्रूफ. गॅरंटी मेरी." आत्याने गॅरंटीकडे ढुंकून पाहिलं नाही. पिशवीतून तिने मैनेची रिकीब काढली, चामड्याच्या पट्ट्यासकट. ती दुकानातल्या माळ्याच्या शिडीला बांधायला लावली, आणि मग एकेक बूट घालून ही बाई रिकिबीत पाय घाल, काढ, घाल, काढ करत बसली. बाहेर गिऱ्हाइकं जमली. हरेशभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला.

तिची परीक्षा कडक होती. बूट घोट्याशी सडपातळ पाहिजे, रिकिबीतून सहज मागे आला पाहिजे. टाचेला उंची पाहिजे, नाहीतर पाय पुढे निसटून पार रिकिबीत जाईल. तळ अगदी गुळगुळीत नको, शेणावर घसरेल. खोल नक्षीही नको, त्यात शेण अडकेल आणि रिकीबही. शिलाई तळाशी नको, पाणी तिथूनच शिरतं. मग तिने बादलीभर पाणी मागितलं. बुटात वर्तमानपत्राचा कागद घालून, बूट घालून ती बादलीत उभी राहिली आणि उभ्यानेच चहा प्यायली. पहिल्या बुटातला कागद लगदा होऊन निघाला. दुसऱ्याचा ओला निघाला. हरेशभाईंचा चेहरा पडायला लागला. "अदी, बारिश में घोडी चलानी है कि मच्छी पकडनी है?"

"तू सोता येऊन बग ना माझ्या तबेल्यात, मंग विचार."

शेवटी एक जोड जमला. खाली रबर, वर जाड पाणी न धरणारं कापड, टाच बोटभर. कागद कोरडा निघाला. रिकिबीत पाय अल्लद जायचा आणि यायचा. फक्त आत ऊब नव्हती. हरेशभाईंनी दाखवलेलं अस्तर नकली फरचं होतं, आत्याने ते नखाने उचकटूनच दाखवलं. उबेची सोय तिने स्वतः केली. खोगिराखाली घोडीच्या पाठीवर लोकरीचा जाड नमदा घालतात. वडलांच्या वेळचा एक फाटका नमदा तिच्याकडे होता. बदलापुरात चांभाराकडून त्याचे तळवे कापून घेतले आणि बुटात बसवले. तळव्यांचे दोन जोड, एक वाळत असेल तेव्हा दुसरा. "घोरीची पाठ गरम ठेवतंय, तं माझा पाय ठेवनार नाय?" आणि रोज बूट घालण्याआधी ती आत हात घालून चाचपायची, खडा नाही ना, ओल नाही ना. "पायाला कलत नाय, तं हाताला विचारायचं. घरात एक बहिरा आसंल तं दुसऱ्यानं ऐकायचं."

त्या वर्षी पाऊस असा पडला की आमच्या सोसायटीचं पार्किंग तलाव झालं. आत्या मात्र बूट घालून शेण काढत होती, पाणी भरत होती, उघडीप मिळाली की स्वारीला निघत होती. संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून शेगडीपाशी बसायची. मी रोज विचारायचो आणि ती रोज पाय दाखवायची. खोटं कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या बायकोच्या पायांकडे मी जन्मात एवढं बघितलं नव्हतं. मैना जाईल की काय या भीतीने मलाही झोप लागत नसे.

नवरात्र संपलं आणि कर्जतचा माणूस टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. प्रकाशने शब्द दिलेला; तोही आला होता. दोघांनी दगडावर चपला काढल्या. मी मैनेची दोरी धरून उभा होतो. प्रकाश म्हणाला, "आये, बस. दोन्ही बूट काढ."

आत्या गंजीवर बसली. बूट काढले, मोजे काढले आणि उजवा पाय मुलाच्या मांडीवर ठेवला. प्रकाशने करंगळी वाकवली, बेचकी उघडून बघितली, टाच दाबली, तळव्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा पाय. पाय कोरडे होते आणि कोमट होते. जखमेच्या जागी नुसता पांढरा वण होता. तो कितीतरी वेळ ते पाय तसेच धरून बसला. टेम्पोवाल्याने घसा खाकरला आणि विचारलं, "घोडी बघू या का?"

"घोरी विकायची नाय," प्रकाश मान वर न करता म्हणाला. "तुमाला हकनाक फेरा परला. चा पिऊन जा."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मैनेचं तोंड पुरलं नाही. आत्याचे डोळे मात्र कोरडे होते. तिने पाण्याच्या बादलीकडे, मग मैनेकडे बघितलं. "मंग मोजे दे आन् बूट चढव. जनावराला पानी दाखवायचं ऱ्हायलंय."

प्रकाशने मोजे चढवले, गुडघ्यावर बसून बूट उचलला आणि आईच्या उजव्या पायात घालू लागला. पाय जाईना. त्याने दात आवळून जोर लावला, डोळे पुसले, पुन्हा जोर लावला.

"आरं बाला," हिराआत्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "डावा हाय तो."