पत्रिकांच्या पाठीवरचे अर्थ

'सेट' हा इंग्रजी शब्द मला आजही सहन होत नाही. कुणी कौतुकानं नवा टी-सेट दाखवायला लागलं तरी मी विषय बदलते. लोकांना वाटतं, बाईचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंच आहे, आणि ते मीच बिनसवलंय.

माझे वडील कोल्हापुरात इंग्रजीचे मास्तर. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: आप्पा, आई आणि मी. सत्तरच्या दशकात ते निवृत्त झाले आणि या एका शब्दाच्या हात धुऊन मागे लागले. "एवढासा शब्द, पण पोटात बघ किती साठवलंय!" असं दिवसातून दहादा म्हणायचे. सूर्य मावळतो तो सेट होतो, दही लागतं ते सेट होतं, मोडलेलं हाड बसवतात तेही सेटच. मग दागिन्यांचा सेट कुठून आला? तर म्हणे तो निराळ्याच घरचा. एक शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'बसवणे' या क्रियापदातून आलेला, दुसरा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला, 'अनुयायांचा गट' अशा अर्थाचा. पुढे दोघांचं रूप एक झालं आणि लोक विसरले की हे सख्खे भाऊ नाहीत. हे सांगताना आप्पांचा चेहरा असा खुलायचा, की जणू त्यांनीच ती भानगड पकडली होती.

शब्दकोशावर त्यांचं भागायचं नाही. आपली माणसं तो शब्द कसा वापरतात तेही हवं. सिनेमाच्या स्टुडिओतल्या सुताराला गाठून सेट कसा उभारतात ते विचारून यायचे. एकदा दुसऱ्या गल्लीत ओल्या कोब्यावर पाय दिला, तर गवंडी ओरडला, "अवो पावणं, सेट झाला न्हाय अजून! पाय काढा की!" आप्पांनी पाय काढला आणि तिथंच उभं राहून त्याचं वाक्य लिहून घेतलं. पेठेत त्यांना 'सेट मास्तर' म्हणायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे सगळं ते लिहायचे लग्नपत्रिकांवर. मास्तरांच्या घरी पत्रिकांना काय तोटा! दर वर्षी कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याचं लग्न. एका बाजूला गणपती, हळदीकुंकवाची बोटं आणि 'आग्रहाचे निमंत्रण', दुसरी बाजू कोरी. एका पत्रिकेवर एक अर्थ. गणपती असतो म्हणून ते पत्रिका कधी कापायचे नाहीत, अख्खीच ठेवायचे. चपलांच्या खोक्यात अशा पाचशेच्या वर पत्रिका जमल्या.

पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यातलं थोडं पाहिलं आणि कळवलं, सगळं टाइप करून दसऱ्यानंतर घेऊन या, पुस्तक करू. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जायची. खोकं माझ्या हवाली झालं, माझ्या कॉटखाली गेलं. क्लासचे सर मशीन वापरू द्यायला तयार होते. म्हणजे अडचण कसलीच नव्हती. नुसता कंटाळा. पाचशे वेळा तोच शब्द कोण बडवत बसणार? मी मैत्रिणींबरोबर मॅटिनीला जायची.

आप्पा रोज जेवताना विचारायचे, "कुठवर आलं?"

"चाललंय की."

एकदा त्यांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "दोनशे झाले, आप्पा." तोंड वर करून सांगितलं. त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या वाटचं श्रीखंड वाढलं, आणि मी ते खाल्लं.

नवरात्राआधी आमच्याकडे अख्खं घर झाडून-धुऊन निघायचं. गोधड्या, सतरंज्या, सगळं पंचगंगेवर न्यायचं. वर्षभराच्या लग्नपत्रिकाही आई त्यातच न्यायची. गणपती छापलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, चुलीत तर नाहीच. नदीत सोडायचा, हा तिचा नेम. त्या सकाळी तिनं माझ्या कॉटखालून खोकं ओढलं. वरच्या पत्रिकेवरचा गणपती तिला दिसला; वर्षभराच्या पत्रिका मीच त्यात भरून ठेवल्यात असं तिला वाटलं.

"या पण न्यायच्या का गं?"

मी मासिकात डोकं घालून पडले होते. मान वर न करता म्हटलं, "ने की."

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण मला तर येत होतं ना! नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं.

संध्याकाळी आप्पा एक नवी पत्रिका घेऊन आले आणि म्हणाले, "खोकं दे जरा." मी कॉटखाली वाकले, आणि तिथं काहीच नव्हतं. आईच्या तोंडाकडे पाहिलं तशी तिच्याही लक्षात आलं. ती मटकन खालीच बसली. "अगं बाई! मी नदीत सोडल्या की त्या!"

आप्पांनी हातातली नवी पत्रिका खाली ठेवली. मग चक्क हसले. "अगं, रडतेस काय? हिनं दोनशे टाइप केलेत. उरलेलं मी आठवून लिहीन. जा गं, ते कागद आण."

आईनं डोळे पुसले आणि दोघं माझ्याकडे बघायला लागली.

"आप्पा," मी म्हटलं, "एकही नाही केला."

"परवा तर म्हणालीस..."

"खोटं बोलले."

आप्पा ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते आईला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. ऊठ, जेवायला वाढ." त्या रात्री जेवताना त्यांनी मला काही विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही.

दसऱ्यानंतर त्यांनी पुण्याला एक पत्र लिहिलं. इंग्रजीत, चारच ओळींचं: 'माझ्या हलगर्जीपणामुळे काम पुरं होऊ शकलं नाही, क्षमा असावी.' ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "एवढं टाइप करून आणशील का?"

ते मात्र मी त्याच दिवशी करून आणलं.