पाटावरचा कॉम्प्युटर

दीपमाला म्हणजे आमच्या शेजारच्या कुशाबाईची सून. परभणीकडून लग्न होऊन चाकणजवळच्या आमच्या गावात आली आणि सहाव्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये चढली. मोटारीच्या वायरी जोडायच्या लाइनवर तीन वर्षं उभी राहिली. बोटं अशी चालायची म्हणता! आमच्या शाळेत सयाजी म्हणून एक जण होता, डोळे मिटून सुतळीच्या सात गाठी सोडवायचा. पुढं तो बैलांचा व्यापारी झाला, ते असो.

दीपमालाचा जीव मात्र व्हिडिओत. यंदा तिनं नोकरी सोडली आणि जुन्या कॉम्प्युटरवर लग्नाबिग्नाच्या फिल्मा जोडायला बसली. कुशाबाईनं मुदत घातली, "दसऱ्यापत्तुर बघते. न्हाई जमलं तर गप कंपनीची बस धरायची."

पहिलं मोठं काम आमच्याच शाळेचं मिळालं. जुनी इमारत पाडणार म्हणून माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, दसऱ्याच्या संध्याकाळी साडेसहाला. आम्हा म्हाताऱ्यांच्या आठवणींची फिल्म दाखवायची होती. माझ्या एकट्याच्या आठवणी दोन तास चालल्या. दीपमाला म्हणाली, "तात्या, चार मिनिटं ठेवते हं." मी म्हणालो, "पाच कर." तेवढं तिनं ऐकलं.

जुना कॉम्प्युटर फिल्म तयार करताना निम्म्यावर आला की बंद पडायचा. म्हणून नवा मागवला. तो दसऱ्याला सकाळी अकराला आला. आणि जुना? आदल्या दिवशीच खंडेनवमीला कुशाबाईनं तो कोयता, विळा, ट्रॅक्टरचे पाने यांच्या शेजारी पाटावर बसवलेला, गळ्यात झेंडूची माळ घालून. दीपमालाला वाटलं होतं, नवा त्याआधीच येईल.

"पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाई," कुशाबाई म्हणाली. "सोनं वाटून झाल्यावर उचल."

"आत्या, सगळ्यांच्या आठवणी ह्याच्यातच आहेत. मग मेळाव्याला काय दाखवू?"

"ते मला काय इचारतीस? हत्यारालाबी एक दिवस सुट्टी असतीया."

दीपमाला पूजेसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण तिची नजर आपट्याच्या पानांवर होती.

"आत्या, ही पानंपण पूजेतलीच ना? तीच आपण लुटतो."

"व्हय. मंग?"

"मग ह्याच्यातलंपण लुटू की. पाटावरून हलवत नाही. नुसती वायर जोडते. जुन्यानं नव्याला द्यायचं."

कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं. "भावजी, चालतं का वो असं?"

मी सातवी शिकलेला, शास्त्र मला काय ठाऊक! पण माझी पाच मिनिटं त्या डब्यात अडकली होती. "अगदी चालतं," मी म्हणालो.

नवा कॉम्प्युटर चौरंगावर ठेवून तिनं दोन्हींच्या मध्ये एक निळी वायर लावली. मला म्हणाली, "तात्या, दोघांना एकाच गल्लीतलं घर द्यायचं, पण घराचा नंबर वेगळा. मग ते एकमेकांना ओळखतात." नंबर टाकले, जुन्यातलं फायलींचं कपाट नव्याला उघडं केलं. पण ओळख काही पटेना. वायरीच्या टोकाशी हिरवा दिवा लागायला हवा होता, तो लागेना. तिनं पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तोही वाचेना. बारा वाजले.

मग ती गुडघ्यावर बसली, बॅटरी लावून जुन्याच्या पाठीमागं डोकावली आणि हसत सुटली.

"आत्या, कुंकू कुठंकुठं लावलंत?"

"सगळीकडं! जिथनं काम येतंजातं, तिथंच लावायचं असतं. एकबी भोक सोडलं न्हाई."

ओलं हळदकुंकू प्रत्येक भोकात बोटानं दाबून भरलेलं, वर दोन अक्षता!

"लाइनवर असला कनेक्टर आला असता तर सुपरवायझरनं मला घरी पाठवलं असतं," असं म्हणत तिनं कॉम्प्युटर बंद केला. जुना टूथब्रश, कापूस गुंडाळलेली काडी आणि तीन वर्षांचा हात. एकेक पितळी दात तिनं कोरडा केला. कुशाबाई शेजारी बसून म्हणत होती, "अगं, सारं पुसू नको, थोडं ऱ्हाऊ दे."

"कपाळावर राहू देते, आत्या. दातात नको."

पुन्हा वायर लावली आणि हिरवा दिवा लुकलुकला. मी टाळी वाजवली. फायली सरकायला लागल्या. दोन तास लागले, तोवर कुशाबाईनं पुरणपोळ्या केल्या आणि मी तीन खाल्ल्या. साडेपाचला नव्या कॉम्प्युटरवर फिल्म तयार झाली.

शाळेच्या पटांगणात पडदा लावला होता. त्यावर बन्सी पाटलानं गुरुजींचा मार सांगितला तेव्हा बायका हसून लोळल्या. माझी पाच मिनिटं आली तर लोकांनी शिट्ट्या मारल्या, खरं सांगतो. फिल्म संपली तशी गावातली शालनबाई पुढं आली. नातीच्या साखरपुड्याला दीपमालाच पाहिजे म्हणाली. तिच्यामागं आणखी दोघं.

तेवढ्यात कुशाबाईचा फोन वाजला. कंपनीत माणसं लावून देणारे उद्धवराव होते. सोमवारपासून दीपमालाला बसला पाठवायचं की नाही, विचारत होते.

"न्हाई जमायचं," कुशाबाई मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आमच्या सुनेला येळ कुठं हाय? तिच्याकडं कामं आलीत!"