सारसांसाठी सायलेन्सर

माझ्या मोटारसायकलचा आवाज सगळ्या गावाला पाठ होता. मी पाटाच्या वळणावर असेन तेव्हाच चौकातला पानठेलेवाला माझा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घ्यायचा. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आणि माझ्यासारखीच तापट. इंजिनात कुणीतरी खिळ्यांचा डबा हलवतंय असा खडखडाट, वर फाटक्या सायलेन्सरची फडफड. मला त्याचं काहीच वाटत नसे. उलट सोय होती. सकाळी दुधाच्या कॅना बांधून निघालो की आई दारातून हजार कामं सांगायची, हे आणजो, त्याले विचारजो. मी ऐकलं न ऐकलं करून गिअर टाकायचो. संध्याकाळी तिनं जाब विचारला की ऐकू आलं नाही म्हणत गाडीकडे बोट दाखवायचं. यात माझी कितीतरी कामं वाचली.

यंदा लावणीचा रोवणा आटोपला आणि पाटाकडच्या आमच्या धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं. माणसाएवढा उंच, लाल मानेचा हा पक्षी आमच्या भागात धानाच्या पाण्यातच गवताचा ढीग रचून अंडी घालतो. त्यात थोडा धान तुडवला जातो, पण त्यावर कुणी कुरकुरत नाही. घरट्याभोवतालचं निंदण तसंच सोडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ही जोडी वडील होते तेव्हापासून येते. ते गेल्यावर आईनं शेतात येणंच सोडलं होतं. सारस आले की मात्र ती रोज सकाळी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसते. गेल्या साली कुत्र्यांनी अंडी फोडली, तेव्हा ती कितीतरी दिवस धड जेवली नाही. यंदा ही पिल्लं निघालीच पाहिजेत, असं तिनं मनाशी धरलं होतं. नागऱ्याच्या महादेवाला नारळही बोलून ठेवला होता.

एक दिवस ती म्हणाली, "तुयी गाडी आली का मादी अंड्यावरून उठते. ती उठली का कावळे उतरतेत. मोहाच्या झाडावर तुयीच वाट पाहत बसून राहतेत."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी घरट्यासमोर गाडी थांबवून पाहिलं, तर खरंच. मादी उठून पाण्यातून लांब गेली होती आणि मोहावरून कावळे सुटले होते. नर धावून आला म्हणून अंडी वाचली. ज्या पक्ष्याची हाक अर्ध्या कोसावर ऐकू जाते त्याला माझ्या गाडीचा आवाज सोसू नये, याचा आधी मला रागच आला. मग लाज वाटली. माझी गाडी म्हणजे कावळ्यांच्या जेवणाची घंटा झाली होती.

दूध केंद्रावर जायला पाटाच्या रस्त्याशिवाय दुसरा रस्ता नाही. एक दिवस इंजिन बंद करून ढकलत नेली. चिखलात गाडी कलंडली आणि एक कॅन सगळी पाटात गेली. तेव्हा ठरवलं, गाडीच गप्प करायची.

गोंदियातला मिस्त्री गाडी सुरू करून हसला. "भैया, ये गाडी है के धान की मशीन?" त्यानं एकेका खेपेला टॅपेट बसवले, टायमिंग चेन बदलली, चेनला ताणून धरणारा टेन्शनर नवा टाकला. सगळा बाहेरचा माल. मी शंका काढली तर म्हणाला, "कंपनी का नहीं है, कंपनी का बाप है!" इंजिनाच्या पात्या थरथरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये रबराचे तुकडेही ठोकले.

मी आणि आईनं खूण ठरवली होती. मी पाटावरून जाताना मादी उठली तर धुऱ्यावरून आईनं हात वर करायचा. दर खेपेला नवा पार्ट टाकून मी मोठ्या आशेनं यायचो आणि दर खेपेला आईचा हात वर जायचा. खडखडाट गेला होता, फडफड तशीच होती. त्या हाताची मला धास्ती बसली. शेत माझं, गाडी माझी, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "अब साइलेंसर ही बचा. बाजार का डालोगे तो और चिल्लाएगी. एक लडका अपना ओरिजिनल निकालने वाला है, वो तुमको डाल दूंगा."

तो पोरगा त्याच दिवशी आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा, ढणढणणारा सायलेन्सर. त्याची गाडी मुकाट होती म्हणून तो दुःखी होता आणि माझी बोलकी होती म्हणून मी. मिस्त्रीनं त्याचा ओरिजिनल काढला आणि माझ्या गाडीला लावला. पोरगा आश्चर्यानं म्हणाला, "काका, गाडी एवढी चूप कायले पाहिजे? गाडी येऊन राहिली हे लोकांयले समजलं पाहिजे ना."

मग मी त्याला सगळं सांगितलं. सारस, अंडी, कावळे, आईचा हात. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला, चहा प्यायला आलेलेही थांबले. माझं एवढं ऐकून घेणारं कुणी मला फार दिवसांत भेटलं नव्हतं. गाव कोणतं, पोरानं विचारलं. मी गाव सांगितलं, आणि पाटावरच्या छोट्या पुलावर, पुलियावर उभं राहिलं की घरटं सरळ दिसतं, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाटावरून गेलो तेव्हा आईचा हात खालीच होता. मी वळून वळून पाहिलं. मादी नुसती मान उंच करून बघत होती, मोहावरचे कावळे जागचे हलले नव्हते. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला एवढा आनंद कधी झाला असेल, आठवत नाही. पुढचे दिवस असेच गेले. गाडीवर बसून बेडकं ऐकू येतात, कॅनांच्या कड्या किणकिणतात, हे मला पहिल्यांदाच कळलं.

रविवारी गाडी पुलियाशी लावून मी आणि आई बांधीचं पाणी पाहत होतो. लांबून ढणढण ऐकू आली. एक नाही, गाड्यांची रांगच पाटावरून येत होती. मी धुऱ्यावरून पळत सुटलो. ओरडायची सोय नव्हती, ओरडलो असतो तर मीच मादीला उठवली असती. मी दोन्ही हात हलवून परत जा, परत जा अशा खुणा केल्या. त्यांनीही आनंदानं हात हलवले. एकानं हॉर्न वाजवला.

मादी उठली. मग नरही उडाला. मोहाचं झाड रिकामं झालं. मी बांधीत उतरलो, तर पाय गुडघ्यापर्यंत रुतले. काढायचो, पुन्हा रुतायचे. आई धुऱ्यावरून ढेकळं भिरकावत होती आणि ती माझ्यापर्यंतही पोहोचत नव्हती. अंड्यांचं व्हायचं ते आमच्या डोळ्यांदेखत झालं.

बाहेर आलो तेव्हा तो पोरगा हातात फोन घेऊन पुलियावर उभा होता. मिस्त्री येईल त्याला ही गोष्ट सांगतो, म्हणून सगळे मित्र पाहायला आले, म्हणाला. मग माझ्या गाडीशी वाकून त्यानं सायलेन्सरवर हात फिरवला. "मायाच होय ना हा? मस्त चूप चालून राहिला असंन, काका." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तो प्रेमानं आला होता, आणि रस्ता मीच दाखवला होता. "जा बापा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी आई धुऱ्यावर गेली नाही. मी कॅना बांधल्या, गाडी सुरू केली. ती दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही, नेहमीसारखं विचारलं, "त्या पोट्ट्यायले जागा कोणं सांगतली होती रे?"

सवयीनं माझं बोट गाडीकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. इंजिन सुरू होतं, आणि तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. तो ऐकू आला, हे तिलाही कळलं होतं.